बंडीच्या दाराने येणारे सर

आमच्या गावात कॉलेज निघालं ते बंद पडलेल्या जिनिंगच्या कारखान्यात. कापूस ठेवायच्या लांब शेडला मध्ये भिंती घालून वर्ग केले, वरून चुना मारला, आणि उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याने त्याला विद्येचं मंदिर म्हटलं. आढ्याला अडकलेली जुनी रुई वारा सुटला की खाली पडायची. प्राध्यापक लोक ती कोटावरून चिमटीने उचलून टाकत आणि तोंड वाकडं करत. अख्खं गाव कापसावर जगत होतं, यांना मात्र त्याची किळस.

माझा नवरा तिथे शिपाई होता. मी झाडलोट करायची आणि मुलींच्या खोलीतला माठ भरायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण विद्वान माणसं मी जवळून पाहिली. हात असलेली खुर्ची कोणाची, संमेलनाच्या फोटोत प्राचार्यांच्या उजव्या हाताला कोण बसणार, यावरून ते महिनामहिना एकमेकांशी बोलत नसत. वर्गात जाऊन पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचायचे, पोरांनी लिहून घ्यायचं, याला शिकवणं म्हणत. विद्यापीठाची माणसं तपासणीला येणार म्हटलं की गावातल्या शाळांमधून पुस्तकं मागून आणायची, कपाटं भरायची, आणि पाहुण्यांची गाडी गेली की परत करायची. त्या पुस्तकांवरची धूळ मी पुसायची. त्यांच्यापैकी कोणी ती उघडलेली मला आठवत नाही.

त्या काळी मुलींनी आपल्या पायाने वर्गात जायची पद्धत नव्हती. मुलींना एक वेगळी खोली होती, पूर्वीच्या वजनकाट्याची. घंटा झाली की सर त्या खोलीवरून जात, मुली त्यांच्यामागे रांगेने वर्गात शिरत आणि पुढच्या बाकावर बसत. तास संपला की पुन्हा सरांच्या मागे बाहेर. एकटी मुलगी वर्गात गेली तर पोरं बाक बडवत आणि गावभर तिचं नाव होई. कुठे लिहिलेला नियम नव्हता, पण प्राचार्यांपासून पोरींपर्यंत सगळे तो पाळत.

माझी धाकटी बहीण माझ्याजवळ राहून तिथे शिकत होती. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा ती शाळेत होती. पुढे वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी तीच. आता बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. मराठीच्या तासाला ती रांगेत सगळ्यात शेवटी चालायची आणि पुढच्या मुली तिच्यात नि आपल्यात अंतर ठेवायच्या. तिने ते मनाला लावून घेतलं नाही. अर्थशास्त्राला मात्र ती एकटीच मुलगी होती. म्हणजे थेट सरांच्या मागे.

हे सर त्याच वर्षी नागपूरहून आलेले, चष्मेवाले, सोवळ्यातले. ते तिला येऊ नको म्हणाले नाहीत. तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. त्यांनी दार बदललं. शेडला मागून एक मोठं दार होतं, पूर्वी त्यातून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आत यायच्या. सर नालीवरून उडी मारून, पँटीला कुसळं लावून घेत त्या दाराने वर्गात जाऊ लागले. बैलाच्या वाटेने जायला त्यांची हरकत नव्हती.

मला हे कळलं ते एका दुपारी. तास चालू होता आणि बहीण खोलीत माठाशेजारी वही मांडीवर घेऊन बसली होती.

"काहून वं, इथं काहून बसली?"

"सर तिकडून गेले."

"मंग?"

"मंग मले वर्गात कोण नेईन?"

"कधीपासून चालू हाय हे?"

दिवाळीच्या आधीपासून ती तशीच बसत होती. मराठीचा तास झाला की एखाद्या पोराची अर्थशास्त्राची वही रांगेतल्या एकीकरवी मागवायची आणि उतरवून घ्यायची. पण वही उतरवून हजेरी लागत नाही. चारच दिवसांत ऑफिसातल्या बाबूने माझ्या नवऱ्याला सांगितलं, तुझ्या साळीची अर्थशास्त्राची टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. आणि वर्ष बुडालं की आमचे वडील तिचं लग्न लावून मोकळे होणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी प्राचार्यांकडे गेले. खादी घालणारे, गोड बोलणारे गृहस्थ. दर पंधरा ऑगस्टला समतेवर बोलताना त्यांचा गळा भरून यायचा.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "तिला कोणी अडवलंय का? दार तर उघडंच असतं."

"मंग तिनं एकटीनं जायचं काय?"

"छे छे! ते बरं दिसत नाही. मुली सरांच्या मागूनच जातात."

"अन् सर बंडीच्या दारानं जातात."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "प्रश्न नाजूक आहे. पुढच्या बैठकीत ठेवू."

बैठक कधी, तर परीक्षा झाल्यावर.

घरी नवरा हात जोडू लागला. "माही नोकरी खाशील तू. त्या लोकायच्या नादी लागू नको."

"मी कायले लागू? मी झाडू माराले जातो."

दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राची घंटा झाली. मी झाडू घेतला आणि मुलींच्या खोलीपुढे उभी राहिले. "चाल. कोणाच्या तरी मागंच जायचं ना? माह्या मागं चाल."

"बाई, पोरं हसतीन."

"हसू दे. इथं बसून राह्यली तर बाप हसन."

मी पुढे आणि ती मागे, अशा आम्ही पुढच्या दाराने वर्गात शिरलो. सर अजून नालीपाशी होते. पोरांनी बाक बडवले. मागून एक ओरडला, "अरे, नव्या मॅडम आल्या!"

"हो, आली," मी म्हटलं. "पाय वर घ्या सगळे, झाडाचं हाय."

आणि खरंच, त्या अख्ख्या वर्गाने पाय वर घेतले. बहीण पुढच्या बाकावर बसली. मी मागच्या दारापर्यंत झाडत गेले, तेव्हाच सर आत आले. धूळ त्यांच्या बुटांवर गेली.

"हा काय प्रकार आहे?"

"केर काढून राह्यली, सर."

"तासाच्या वेळेला?"

"तुमचं दार दूर पडते. तिले माह्या मागं आणली."

पोरं खो खो हसली, आणि या वेळी माझ्यावर नाही. सरांनी हजेरी काढली. बहिणीचा नंबर आला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, पण नंबर घेतला. तिने "येस सर" म्हटलं, तिच्या आवाजाची चिमणी झाली होती. त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत त्या वर्गाइतका स्वच्छ वर्ग गावात नव्हता. पोरं मी दारात दिसले की आपणच पाय वर घेत.

मागची हजेरी तरी कमीच पडत होती. सर अडून बसले. शेवटी प्राचार्यांनी टर्म दिली, पण न्यायाखातर नाही. तपासणीची माणसं यायची होती, आणि शेवटच्या वर्षाला मुली किती हे ती विचारणार होती. मागून आणलेल्या पुस्तकांसारखीच माझी बहीण त्यांना कपाटात दिसायला हवी होती.

ती पास झाली, पुढे एम.ए. केलं आणि दुसऱ्या गावच्या कॉलेजात लागली. पुष्कळ वर्षांनी ते अर्थशास्त्राचे सर निवृत्त झाले तेव्हा तिला सत्काराला बोलावलं. मी मागे बसले होते. ती माईकवर म्हणाली, त्या काळात सरांनी आपल्याला सन्मानाने वर्गात नेलं, म्हणून आपण इथवर आलो. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

रस्त्यात मी विचारलं, "काहून वं, खोटं काहून बोलली?"

"बाई, अशा जागी तसंच बोलाव लागते," ती म्हणाली. "तिथं का झाडू सांगायचा?"

तिचं शिक्षण पूर्ण झाल्याची माझी खात्री पटली.