पलंगाखालचं बेट

माझ्या मुलीचा देश कोणता, यावरून मी त्याच सात वर्षांच्या पोरीशी भांडले होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, बर्मिंगहॅमची. मी बँकेत नोकरी करायचे आणि शाळा सुटली की मुलगी शेजारच्या जमैकन आंटींकडे असायची. आंटींची मुलं मोठी होऊन पांगली होती. त्यांना त्यांच्या बेटाबद्दल विचारणारं कुणी उरलं नव्हतं. माझी पोर मात्र प्रश्न विचारून भंडावून सोडणारी.

शाळेत ‘माझा देश’ असा तक्ता करायचा होता. आमच्या या छोट्या बाईसाहेबांनी जमैका निवडला. काळा-हिरवा-सोनेरी झेंडा, लांब शेपटीचा हमिंगबर्ड, आणि अ‍ॅकी नावाचं राष्ट्रीय फळ.

“मम्मी, ते झाडावर आपोआप ओपन होईपर्यंत खायचं नाही. आधी खाल्लं तर पॉयझन! आणि ते जमैकाचं नाहीच, आफ्रिकेतून आलं.”

“आणि तू कुठून आलीस गं?”

“बर्मिंगहॅम,” ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. शनिवारी आम्ही दोघं नवरा-बायको भारताचा तक्ता करायला कात्री घेऊन बसलो. त्याने कॅलेंडरमधला मोर कापला, मी वाघ, कमळ, आंबा चिकटवला. अक्षरही माझंच. मुलांचा गृहपाठ स्वतः केल्याशिवाय आम्हा लोकांना चैन कुठे पडते! पोरगी नुसती गोंदाची बाटली धरून बसली होती.

शाळेत तक्ते दाखवायच्या कार्यक्रमाला मी अर्धी रजा काढून गेले. टीचरने विचारलं, कमळच का? मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवली, तर मागच्या रांगेत आंटी दिसल्या. रविवारी चर्चला घालायची जांभळी हॅट घालून त्या आपल्या बेटाचा तक्ता बघायला आल्या होत्या. बेत बदलल्याचं त्यांना सांगायला हवं, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. जीभ रेटली नव्हती. तरी पहिली टाळी त्यांनीच वाजवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर माफी मागायला मी त्यांच्याकडे गेले. त्या मुलीला जवळ घेऊन मोराचं कौतुक करत होत्या.

“तो तक्ता मम्मी-डॅडींनी केलाय,” मुलगी त्यांना म्हणाली. “माझा पलंगाखाली आहे. सगळा पूर्ण झालाय.”