दप्तरात सरायचं नाव हाय

लांजेवार सरायच्या पंचाहत्तरीचं पुस्तक निघून राह्यलं. लेख द्या म्हनून तिघायचे फोन आले. मी सातवी नापास, तरी लिहितो. लंबं लिहिनार नाई.

सिहोऱ्याहून मी युनिव्हर्सिटीत खगोलशास्त्राच्या विभागात चपराशी म्हनून गेलो, तवा सर दुर्बिणीच्या खोलीच्या कुलपात तेल घालून राह्यले होते. मी त्यायले मिस्त्री समजलो. इचारलं, "लांजेवार साहेब कुठं हायेत गा?" सर म्हनाले, "चला, दाखवतो." अन् आपल्याच खुर्चीवर जाऊन बसले.

सर शिकवत कसे, हे त्यायचे विद्यार्थी लिहितील. मी माहं सांगतो.

दुर्बिणीत खाली मोठा गोल आरसा असते. ताऱ्याचा उजेड तोच गोळा करते. एकडाव सर गावी गेले होते, अन् बाहेरचे पाहुने येनार होते. आरशावर धूळ दिसली. घरी पितळेचं भांडं राखडीनं लखलखते, म्हनून मी आरसा बी राखड अन् नारळाच्या चोथ्यानं घासला. वरचा चांदीसारखा थर पार निघून गेला.

माही नोकरी अजून पक्की नोहती. घरी तीन पोरी. सर आले, वाकून पाह्यलं. मंग इचारलं, "किती वेळ घासला?"

"दोन घंटे, सर."

"तुमी कामचोर असते, त आरसा वाचला असता."

चौकशी लागली. सरायनं आपल्या सहीनं लिहून देलं, "सफाई मी, लांजेवारनं, केली." दुर्बिणीचा चार्ज त्यायच्याकडून काढला. ज्या मानसानं ती दुर्बीण उभी केली, त्यायले तिथं शिराले दुसऱ्याची सही लागे. तीन वर्सं. लोक त्यायले बेफिकीर म्हनत, सर ऐकून घेत. मी खरं सांगाले निघालो, त बाहीले धरून थांबवलं.

"सोमाजी, माही नोकरी जात नाई, तुमची जाते. बसा."

आरशावर नवा थर चढला. पानी कसं सोडाचं, भार न देता कापूस कसा फिरवाचा, हे सरायनं मलेच शिकवलं. दुसरा कोनी असता, त मले त्या खोलीत पाय ठेवू देला नसता.

मांगच्या हिवाळ्यात सर साकोलीहून बसनं आमच्या घरी आले. आंगनात लहान दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडला. त्यावर काळे डाग दिसले. माही बायको मले म्हनाली, "यालेबी तुमीच घासलं का?" सर खोकला येतवरी हासले. मी तवाच इचारलं, आता आपन दोघंबी पेन्शनीत, खरं लिहू का? म्हनाले, "कायले? जुनं झालं."

जुनं नाई झालं. विभागाच्या दप्तरात ती चूक अजून त्यायच्याच नावावर हाय. नवे पोरं वाचतात. म्हनून जलमात पयल्यांदा सरायचं आयकत नाई. त्या दिवशी सर गावी होते. आरसा मी, सोमाजीनं, एकट्यानं खराब केला. हे छापा, एक अक्षर कमी करू नका.

सर, तुमाले राग येईन. सिहोऱ्याले या अन् रागवा. दरसाल या, आपल्या पायानं चालत या, शंभरी पुरी होऊन जाये तरी मले रागवत राहा.