नऊ हात पाणी

नातसुनेनं परवा एक रंगीत कागद आणून दाखवला. पणतीसाठी पुण्यात शाळा पाहिली आहे. लहान शाळा, एका वर्गात पंधरा मुलं, त्यांत परदेशातलीही आहेत. पुस्तकं फारशी नाहीत, मुलं प्रोजेक्ट करतात आणि त्यातून शिकतात. "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं," ती म्हणाली. मी म्हणाले, होतं. तिला वाटलं म्हातारी भरकटली. कागद घडी करून ती उठून गेली. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहून ठेवते. मी चौथी शिकले आहे. शुद्धलेखन चुकेल, घडलेलं चुकणार नाही.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव अंबडच्या रस्त्याला, जालन्यापासून पायी तासाभरावर. आजोबांपर्यंत आम्ही मेंढरंवाले. माझ्या बापानं, आम्ही त्याला दादा म्हणायचो, मेंढरं विकून जमीन धरली. गावात शाळा नव्हती. जालन्यातली सरकारी शाळा उर्दूतली, तिथं आमच्यासारख्यांच्या पोरीला कोण घालणार. पण नव्या जालन्यात स्टेशनाजवळ एका बाईंनी कापसाच्या जुन्या वखारीत शाळा काढली होती. बाई पुण्याकडच्या, विधवा. काळी छत्री घेऊन खेड्यापाड्यांत पोरी मागत फिरायच्या. आमच्या ओसरीवर बसून दादांना म्हणाल्या, "मुलगी द्या. दुपारचं जेवण शाळेत."

दादा म्हणाले, "जेऊ घालता म्हंजे काम बी करून घेता असाल."

"शाळाच कामाची आहे," बाई म्हणाल्या.

ते खरं होतं. वीसेक मुलं होतो आम्ही. तेलुगू, उर्दू, मारवाडी, मराठी, सगळ्या बोलींची. बाई सहा महिन्यांना एक काम द्यायच्या आणि सगळं शिकणं त्यातच. पहिलं काम कापसाचं होतं, बोंडापासून गठ्ठ्यापर्यंत. दुसरं आगगाडीचं. रोज स्टेशनावर जायचं, गाडी किती उशिरा आली ते लिहायचं आणि उशीर का झाला ते स्टेशनमास्तरला विचारायचं. तो वैतागून गेला होता. गणित, भूगोल, अक्षर, सगळं त्यातून यायचं, आणि मला ते यायचं. बाईंनी एक नियम भिंतीवर लिहून ठेवला होता: डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातानं मोजलेलं तेवढंच लिहावं.

हैदराबादेत याच पद्धतीचं एक हायस्कूल होतं. लहानच, पण देशोदेशीची मुलं त्यात. इराणी, पारशी, कानडी, काही गोरी. राहायला जागा, खायला अन्न. त्या शाळेच्या मोठ्या बाई विलायतेच्या होत्या, आणि दर वर्षी त्या आमच्या वखारीत येऊन मुलांचं काम बघून एका मुलीला घेऊन जायच्या. चौथीच्या वर्षी आमच्या बाई मला म्हणाल्या, "यंदा तू." मी ते घरी सांगितलं नाही. शेतात एकटी असले की म्हणायची मात्र, हैदराबाद, हैदराबाद. मला दुसरं काही नको होतं.

त्या उन्हाळ्याचं काम विहिरींचं होतं. जालन्याच्या आसपासच्या गावांतल्या विहिरींत उन्हाळ्यात किती पाणी उरतं ते मोजून नकाशा करायचा. गट तिघींचा पडला, पण एकीला देवी आल्या, म्हणून राहिलो दोघी. मी, आणि रेल्वेतल्या गार्डाची मुलगी. ती तेलुगू, अक्षर मोत्यासारखं, विहिरीत वाकायला मात्र भ्यायची. मी मोजायचं, तिनं लिहायचं.

रीत सोपी होती. सोलाला, म्हणजे विहिरीच्या जाड दोराला, दगड बांधायचा, तळाला टेकेपर्यंत सोडायचा, वर ओढायचा. जेवढा दोर ओला तेवढं पाणी. ओला दोर कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हातानं मोजायचा. हात बाईंचा, कारण माझा लहान होता. मी मोठ्यानं म्हणायची: लाभ, दोन, तीन, चार. आमच्याकडं खळ्यावर रास मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. गार्डाच्या मुलीनं पहिल्या दिवशी विचारलं, एक कुठं गेला? बाईंनी तिला समजावून सांगितलं. हसून म्हणाल्या, "पहिलं माप देवाचं. पण मोजणीत धरायचं बरं." ती शहाणी होती, तिला एकदाच सांगावं लागलं.

आमच्या गावात मोठी बारव होती, पायऱ्यांची विहीर. ती मालकाची. मालक म्हणजे गावची निम्मी जमीन ज्याची होती तो. उन्हाळा लागला की तो बारवेवर राखण्या बसवायचा आणि सांगायचा, पाणी तळाला गेलं, दोन हात उरलंय, कुणी उतरू नका. मग सगळं गाव ओढ्यातल्या झिऱ्यावर. वाळू उकरायची, पाणी झिरपायची वाट बघायची, नारळाच्या नरोटीनं भरायचं. माझी माय एका घागरीला सकाळ घालवायची. आमचा झिरा वरच्या अंगाला आणि महारवाड्याचा खालच्या अंगाला. आमचं गढूळ त्यांच्याकडं वाहायचं. ते आम्हाला तेव्हा वावगं वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवते. आणि मालकाचा ऊस हिरवागार.

आम्ही दुपारी बारवेवर गेलो. बाईंना पाहून राखण्या उठून बाजूला झाला. मी दोर सोडला. बाईंनी स्वतः वर ओढला, ओलं जिथं संपलं तिथं स्वतःच्या हातानं लाल चिंधी बांधली, आणि हात टेकवत गेल्या. मी मोजलं. लाभ, दोन, तीन, असं नऊपर्यंत. बाई म्हणाल्या पुन्हा. पुन्हा नऊ. तिसऱ्यांदाही नऊ. गार्डाच्या मुलीनं नऊ लिहिलं.

नकाशा भिंतीवर लागला. मोठ्या बाई यायच्या दोन दिवस आधी आमच्या बाईंनी मला वखारीच्या मागं नेलं.

"बारवेचं नऊ खोडून दोन कर."

"का बाई?"

"मालकांचं म्हणणं दोन आहे."

"मालकानं दोर सोडला का?"

"दोर सोडायला शिकवलं ते उलट बोलण्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ही वखार त्यांची आहे, माहीत आहे ना तुला?"

मला माहीत नव्हतं. मी खोडलं नाही. त्यांनीही खोडलं नाही. मला वाटलं विषय संपला. अकरा वर्षांच्या पोरीला असंच वाटणार.

मोठ्या बाई आल्या तेव्हा मालकही आला, पांढरा कोट, डोक्याला जरीचा फेटा. खुर्चीवर बसला, चहा प्याला. मोठ्या बाई मोडकं उर्दू बोलायच्या. त्यांनी नकाशा पाहिला, चिंधी बांधलेला दोर शेजारीच टांगला होता तो हातात घेऊन पाहिला, आणि बहोत अच्छा म्हणाल्या. मला विचारलं, हे तू केलंस? मी म्हणाले, आम्ही दोघींनी. मनानं मी तेव्हाच हैदराबादला पोचले होते.

मालक उठला. नकाशावर काठी टेकवून म्हणाला, "बारवेत नऊ हात? बारव माझी का हिची?"

मग त्यानं काठी माझ्याकडं वळवली.

"बाळ, कसं मोजलं ते दाखव की," तो म्हणाला. बाळ म्हणाला मला.

मी दोर घेतला, चिंधीपासून धरला. हात बाईंनी टेकवायचे, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. मग मी चार माणसांपुढं स्वतःच्याच हातानं मोजू लागले. लाभ, दोन, तीन.

मालक हसला. मोठ्या बाईंकडं वळून उर्दूत म्हणाला, "इसको एक भी नहीं मालूम मेमसाब." मग मला म्हणाला, "एक कुठं गेला ग पोरी? ही म्हणे पाणी मोजणार." सगळे हसले. त्याचा कारभारी तर मांडी थोपटून हसला. हाच कारभारी मालकाच्या खळ्यावर मापं मोजताना लाभ म्हणून आरोळी द्यायचा, ती आमच्या शेतापर्यंत ऐकू यायची.

मोठ्या बाईंना लाभाची भानगड कळली नाही. त्यांनी आमच्या बाईंना विचारलं, मुलीची मोजायची रीत चुकते का?

बाईंनी एवढंच सांगायचं होतं की लाभ म्हणजे एक, आणि ही चिंधी मी बांधली आहे. दोन वाक्यं. त्यांनी छत्रीची मूठ चोळली आणि म्हणाल्या, "लहान मुलं आहेत. चूक झाली असेल."

मी गार्डाच्या मुलीकडं पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याकडं बघून राहिली होती. तिला मी दोष देत नाही. देते थोडा.

मग मी बोलले. "लाभ सोडला तरी आठ उरतेत. दोन कुठून आले?"

हसणं थांबलं. मालकानं माझ्याकडं नीट पाहिलं, पहिल्यांदाच. बाई म्हणाल्या, "खाली बस." आणि पेन्सिल घेऊन स्वतः नऊचा दोन केला. शेवटी अक्षर त्यांचंच लागलं.

मोठ्या बाईंनी गार्डाची मुलगी निवडली. माझ्याबद्दल काय म्हणाल्या ते बाईंनी नंतर सांगितलं: मुलगी हुशार आहे, पण चूक कबूल करत नाही. आमच्या शाळेत सगळ्यांनी मिळून काम करायचं असतं, तिथं असं चालत नाही. मिळून काम करायचं असतं म्हणे. दोर मी सोडला, मोजलं मी, आणि मिळून काम करायचं हे मला शिकवणार.

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. दादांनी दोन ठेवून दिल्या. मालकापुढं तोंड उघडलं म्हणून. पाणी किती होतं ते त्यांनी विचारलंच नाही.

चार दिवसांनी बाई घरी आल्या. माय झिऱ्यावर गेल्ती. दादा शेतात. बाईंनी खडीसाखरेची पुडी पुढं केली. मी घेतली नाही.

"नऊच होतं," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"मंग तिथं का न्हाई म्हणल्या?"

"वखार गेली तर वीस मुलं कुठं बसवू? एका विहिरीसाठी शाळा बंद करू का?"

याला उत्तर मला पुढं पुष्कळ वर्षांनी सुचलं, की बंद करायची होती. विहिरी मोजायचं काम तुम्हीच काढलं होतं, आम्ही मागितलं नव्हतं. मालकाच्या बारवेत दोर सोडायची छाती नव्हती तर कोंबड्या मोजायला लावायचं होतं.

बाई म्हणाल्या, "हैदराबादला आणखी एक जागा होऊ शकते. मोठ्या बाईंना तू आवडलीस. फक्त चूक कबूल केली पाहिजे. एक ओळ लिहून दे, मी पत्रासोबत पाठवते."

त्यांनी पिशवीतून कागद काढला, पेन्सिल काढली. मी लगेच घेतली, याचा मला मालकापेक्षा जास्त राग येतो. अर्धा क्षणसुद्धा थांबले नाही. हैदराबाद म्हणाल्याबरोबर हात पुढं झाला. मी उंबऱ्यावर बसून लिहिलं: बारवेत दोन हात पाणी आहे, मोजताना माझी चूक झाली. खाली नाव घातलं. अक्षर चांगलं काढलं, कारण मोठ्या बाई बघणार होत्या. बाईंनी कागद वाचला, घडी केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. खडीसाखरेची पुडी उंबऱ्यावर ठेवून गेल्या. ती मी खाल्ली.

लोक आजही म्हणतात, त्या बाईंनी जालन्यात कितीतरी पोरी शिकवल्या. शिकवल्या असतील.

आठवडा गेला असेल. आमची म्हैस व्यायली होती, घरात पाणी जास्त लागत होतं. माय हिय्या करून बारवेवर गेली, राखण्याला म्हणाली, एक घागर भरू दे बाबा. ती रिकामी घागर घेऊन परत आली आणि चुलीपुढं बसली.

मग म्हणाली, "राखण्या म्हणतो, तुझ्या पोरीनंच लिहून दिलंय, दोन हात हाय म्हणून. मालकानं त्याला कागद दावला."

कागद हैदराबादला जायचा होता. तो मालकाच्या खिशात कसा गेला ते मी बाईंना कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

"तू लिहिलं का?" माय म्हणाली.

"हो."

"कशापायी?"

"हैदराबादच्या शाळेत घेणार हायत म्हणून."

मायनं माझ्याकडं पाहिलं. तिला कुणी हैदराबादच्या शाळेचं कधी सांगितलंच नव्हतं.

"मंग कवा जायचं हाय?" तिनं विचारलं.

कागद मालकाकडं आहे हे कळूनही मी दुसऱ्या दिवशी वखारीत गेले आणि बाईंना विचारलं, पत्र आलं का. तिसऱ्या दिवशीही विचारलं. मृग लागेपर्यंत रोज विचारत होते, आणि माय रोज झिऱ्यावर जाऊन राह्यली होती.