समोरून तपासलेले विमान

भिकन गांगुर्डे यांनी आयुष्यात कोणतीही गोष्ट वाचून घेतल्याशिवाय केली नव्हती. पोहायला शिकायचे ठरले तेव्हा त्यांनी पोहण्यावरचे पुस्तक आणले, दोनदा वाचले, आणि आजही त्यांना पोहता येत नाही. चांदवडजवळच्या खेड्यातून नाशिकला येऊन बी.ए. झालेले, पुढे सव्वीस वर्षे सरकारी कार्यालयात टिपण्या लिहिणारे, इंदिरानगरात कुणाच्या अध्यातमध्यात नसणारे हे गृहस्थ बावन्नाव्या वर्षी रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या नादी लागले, तेही वहीच्या वाटेने.

शहराबाहेरच्या माळावर दर रविवारी सात-आठ जण विमाने उडवीत. भिकनराव तिथे गेले, ऐकलेले सगळे शब्द टिपून आणले आणि पंधरवड्यात दोनशे पानी वही भरली. मग नवे कोणी आले की ललित, म्हणजे तिथला उडवायला शिकवणारा तरुण, त्यांना भिकनरावांकडे पाठवू लागला.

भिकनराव घसा साफ करून सांगत, "थ्रॉटल म्हणजे पंख्याचा वेग. एलिव्हेटर ही शेपटीची आडवी पट्टी, ती नाक वर-खाली करते. रडर हा शेपटीचा उभा पडदा, तो नाक डावी-उजवीकडे वळवतो. आणि एलेरॉन म्हणजे दोन्ही पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या. एक वर गेली की दुसरी खाली जाते, आणि जी वर जाते त्या बाजूला विमान कलतं."

ऐकणारे माना डोलावत. सगळे त्यांना 'सर' म्हणू लागले. सरांनी आठ महिन्यांत एकदाही एकट्याने विमान उडवलेले नाही, ही गोष्ट कुणी विचारली नाही आणि सरांनीही आपण होऊन सांगितली नाही. ते उडवीत ते ललितचे विमान, आणि त्यांचा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला दांड्यांचा रिमोट, वायरने ललितच्या ट्रान्समीटरला जोडलेला असे. विमान भरकटले की ललित ते आपल्या ताब्यात घेई. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तसा हा मामला होता.

गावी आईला, विमलाबाईंना, त्यांनी फोनवर मोठ्या अभिमानाने हे कळवले होते.

"तू बसतो का त्याच्यात?" विमलाबाईंनी विचारले.

"नाही आई, मी खालीच उभा असतो."

"मंग उडतं कोन?"

या प्रश्नाचे उत्तर वहीत नव्हते.

शेवटी भिकनरावांनी स्वतःचे विमान घेतले. दुकानदार राकेशने ते जोडून, चालवून दिले. येत्या रविवारी ते वायरीविना, एकट्याने उडवायचे, आणि ज्योत्स्नाबाईंच्या देखत उडवायचे, असे ठरले. आठ महिने दर रविवारी घरातून गायब होण्याला पत्नीसमोर एवढा एकच पुरावा देता येणार होता.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी तपासणी केली. जेवणाच्या टेबलावर विमान ठेवले, नाक आपल्याकडे करून, कारण कार्यालयात ज्याची तपासणी करायची त्याला समोर बसवायची सवय होती. ट्रान्समीटरची एलेरॉनची दांडी डावीकडे नेली. त्यांच्या उजव्या हाताकडची पट्टी वर आली. त्यांनी पुन्हा नेली. पुन्हा उजवीकडचीच! राकेशची एवढी ढोबळ चूक पाहून त्यांना मनातून जरा बरेच वाटले. ट्रान्समीटरमध्ये दिशा उलटी करायची सोय असते हे त्यांना पाठ होते. त्यांनी ती वापरली, आणि कागदावर लिहिले: 'त्रुटी निदर्शनास आली. दुरुस्त केली.' खाली तपासणारा म्हणून एक सही केली आणि मंजुरी देणारा म्हणून दुसरी.

माळावरचा रिवाज असा, की उडवण्याआधी विमानाच्या शेपटीमागे उभे राहून एकेक पट्टी हलवून ललितला दाखवायची. रविवारी भिकनरावांनी त्याऐवजी सह्यांचा कागद दाखवला.

"सर, तुम्ही तपासलंय म्हटल्यावर मी काय बघणार?" ललित हसला. "होऊन जाऊ द्या."

विमान धावले, उठले, सरळ वर गेले. ज्योत्स्नाबाईंनी टाळ्या वाजवल्या. भिकनरावांनी डौलात दांडी डावीकडे नेली. विमान उजवीकडे कलले. त्यांनी आणखी डावीकडे नेली. ते आणखी उजवीकडे झुकले. वहीतला प्रत्येक शब्द त्यांना त्या क्षणी आठवत होता. हात मात्र डावीकडेच दाबत होता. विमान कुंपणापलीकडच्या नांगरलेल्या शेतात नाकावर आदळले.

ललित धावत जाऊन तुकडे घेऊन आला. त्याने दांडी हलवून पाहिली आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"एलेरॉन उलटे आहेत. हा राकेश! जोडून दिलंय म्हणे. थांबा, त्याला फोनच लावतो."

चूक खालच्या टेबलावर निघते, हा भिकनरावांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता, आणि आज खालचे टेबल आयते सापडले होते. नुसते गप्प राहायचे. 'सर' ही पदवी शाबूत, पत्नीसमोर इज्जत शाबूत. फोनची रिंग वाजत होती.

"ठेव तो फोन," ते म्हणाले. "मी केलंय. काल मीच उलटं केलं."

"तुम्ही? कसं काय?"

"विमान समोर ठेवून तपासलं."

ललितला कळायला दोन क्षण लागले. "समोरून? म्हणजे त्याचं डावं तुमच्या उजवीकडे..." पुढचे त्याला हसण्यात बोलता येईना. तेवढ्यात फोनमधून राकेश "हॅलो, बोल ना रे" म्हणत होता, आणि ललितने सगळा किस्सा त्यालाही ऐकवला. बाजूच्या दोन नवशिक्यांनी तो ऐकला. गेल्याच रविवारी भिकनरावांनी त्यांना एलेरॉन समजावले होते.

ज्योत्स्नाबाई मोडलेला पंख उलटसुलट करून पाहत होत्या. "अहो, आरशापुढे तीस वर्षं भांग पाडताय, तेव्हा नाही कधी गोंधळ झाला?"

"आरशात मला सही करावी लागत नाही," भिकनराव म्हणाले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

ललितने आपले जुने विमान काढले आणि वायर जोडली. "चला काका. शेपटीमागे उभे राहा. पट्ट्या दाखवा. आणि कुणाला काही समजावायचं नाही."

'सर' गेले हे भिकनरावांच्या ध्यानात आले. ते शेपटीमागे जाऊन उभे राहिले. त्यांनी दांडी डावीकडे नेली. डावी पट्टी वर आली, ती त्यांच्या डाव्या हातालाच.