गाळपेर

डोंगरातल्या या तळ्याला आता दगडी कठडा आहे, फरसबंद वाट आहे, बसायला बाक आहेत. चैत्र सरत आला तरी पाणी कठड्याला टेकलेलं असतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

काल बाकावर शेजारी एक म्हातारी येऊन बसली. पाण्याकडे बघत म्हणाली, "औंदाबी उतरलं न्हाई."

"आता उतरत नाही, आजी. बोटी चालाव्यात म्हणून भरलेलंच ठेवतात."

 ती सांगू लागली. उन्हाळ्यात पाणी मागे गेलं की ओला गाळ उघडा पडायचा आणि काठची माणसं त्यात काकडी लावायची. त्या पेरणीला गाळपेर म्हणत. पाणी आटलं की आपण हळहळतो. ही माणसं त्याचीच वाट बघायची. तळं स्वतः मागे सरून त्यांना जागा द्यायचं. आणि आम्ही वाटेसाठी, बाकांसाठी भराव टाकून त्याच्याच अंगावर गेलो.

पदराच्या गाठीत काकडीचं बी असल्याचं सांगत तिने ते चाचपलं, पण गाठ सोडली नाही.

"माझा वाफा हितंच व्हता," माझ्या पायांकडे बोट दाखवत ती म्हणाली.

मी झटकन पाय वर घेतले. खाली नुसती फरशी होती.