काट्यावर न आलेली बाळं

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ताईच्या सासरी, लोहाऱ्याजवळच्या गावात, दीड महिन्याच्या बाळांची वजनं घेत होते. अंगणवाडीत लसीचा दिवस असला की मी झोळीचा काटा टांगून बसायची. ताईची दुसरी मुलगीही तेवढ्याच वयाची. तिचं अजून बारसंही झालं नव्हतं, आणि दर खेपेला ती मला जास्तच बारकी दिसायची. पण ताईच्या सासूबाई तिला उंबऱ्याबाहेर काढू देईनात.

"जरा अंग धरू दे पोरीला, मंग घाल काट्यात. नजर लागती."

मी सांगून बघितलं, ताईनंही बघितलं. सोयऱ्यांच्या घरात आवाज चढवायचा नसतो म्हणे. जळो ती रीत!

सोलापूरला येऊन आकडे मांडले. आकडे एका बाजूला किती कललेत, हे स्क्यूनेस सांगतो. पण नमुना लहान असला की स्क्यूनेसचंच वितरण नीट वागत नाही. ते सूत्रातून फिरवून नॉर्मलच्या, म्हणजे दोन्हीकडं सारख्या उतरत्या घंटेच्या आकाराच्या, जवळ आणावं लागतं, मगच निवाडा. निवाडा आला, वजनांचं वितरण नॉर्मल मानायला हरकत नाही. सर खूश झाले. मला मात्र तो देखणा आलेख बघून चीड आली. अंग धरायची वाट बघत घरात ठेवलेली बाळं त्यात नव्हतीच.

मग ताईचा फोन आला, पोरगी दूध ओढत नाही. मी गेले, तिला उचललं आणि ताई नि मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या राहिलो. सरकारी दवाखान्यात तिला आधी काट्यावर ठेवलं, मग सलाईन लावलं. संध्याकाळी ती गेली.

ते एक वजन मी नमुन्यात घातलं. सगळे आकडे डावीकडं कलले, निवाडा फिरला.

सर म्हणाले, "एकच आकडा बाजूला पडलाय. वगळ तो."

"ती माझी भाची होती, सर. नाही वगळणार."

प्रकल्पाची अर्धी गणितं मला पुन्हा करावी लागली.

पुढं ताईला मुलगा झाला. तोही तसाच बारका. त्याच सासूबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी दुपट्यात गुंडाळलं, आणि ताईच्या दिरानं प्रवाशांची फेरी सोडून जीप थेट सोलापूरला काढली. पोर वाचलं. मी भेटायला गेले तेव्हा घरात पेढे वाटणं चाललं होतं.

ताई पेढा हातात धरून तशीच बसली होती.

"पोरीच्या वक्ताला बी," ती म्हणाली, "जीप दारातच उभी व्हती."