आईचं चेंबर

मागच्या मे महिन्यात आईला ऊन लागलं ते घरात बसून. हे मी सांगते तेव्हा लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मीच तिला पापडांबरोबर गच्चीवर वाळत घातलं होतं. पण सिंधीपुऱ्यातली आमची घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. समोर गल्लीकडे उघडणारी खोली, मागे स्वयंपाकघर आणि मधोमध आईची बिनखिडकीची खोली. कूलर समोरच्या खिडकीत. त्याची हवा आईपर्यंत पोचते तोवर तिच्यातला गारवा संपलेला असतो, नुसती ओल उरते. त्यात आमच्या गावचं पाणी असं, की कूलरच्या गवतावर पांढरा थर धरतो आणि मे उजाडेपर्यंत त्या गवताची कुरडई होते.

आई पाच दिवस दवाखान्यात होती. घरी सोडताना डॉक्टर तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "या वेळी निभावलं. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे गेले. मी मात्र ते वाक्य घेऊन वर्षभर घरात आणि कॉलेजच्या ग्रंथालयात येरझाऱ्या घातल्या. मी तिथे ग्रंथपाल आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं नसतात, पण ग्रंथपाल असावा लागतो. पुस्तकांना एकटं वाटू नये म्हणून असेल.

होळी झाल्यावर मी एसी बसवणाऱ्यांच्या मागे लागले. पहिला आला, खोली बघून म्हणाला, "हिला बाहेरची भिंतच नाही. मशीन गरम हवा फेकणार कुठे, शेजाऱ्याच्या देवघरात?" दुसरा म्हणाला, "लग्नसराई आहे ताई, जूनमध्ये पाहू." जूनमध्ये पाहण्यासारखं काय उरेल हे मी त्याला विचारलं नाही. तिसऱ्याने टेप लावून मोजमाप घेतलं आणि तो मोजमापासकट नाहीसा झाला.

मग पलीकडच्या घरातले केळीचे व्यापारी म्हणाले, "आमच्या माणसाला बोलवा ना. दापोऱ्याच्या रस्त्यावरचं माझं चेंबर त्यानेच केलं. भर मेमध्ये एक घड काळा पडला नाही."

चेंबर म्हणजे केळी पिकवायची थंड खोली. आमच्या गावात माणसाची लायकी केळीवरून ठरते. ज्याने एवढा नाजूक माल सांभाळला, तो काहीही सांभाळेल, असं इथे कोणालाही वाटतं. मलाही वाटलं. एवढी पुस्तकं वाचून मला एक साधा प्रश्न सुचला नाही, की केळीला काय हवं असतं आणि आईला काय हवं असतं.

तो पांढऱ्या गाडीतून आला. गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून ती चौकात उभी करून चालत आला, पण गाडी आणली आहे हे त्याने दोनदा सांगितलं. हातात दिलेल्या कार्डावर नावाखाली चार पदव्या होत्या. त्यांतल्या दोन त्याने स्वतःच स्वतःला दिलेल्या असाव्यात. खिशातून एक लाल किरण टाकणारं यंत्र काढून त्याने भिंतीवर, छतावर आणि एकदा चुकून आईच्या कपाळावर ठिपका टाकला.

"हे काय करून राहिला हा?" आईने मला विचारलं.

"माप घेतोय."

"माझं?"

"माताजी, टेन्शनच नका घेऊ," तो म्हणाला. "असं काम करून देतो, की बाहेर आग लागली तरी आत कळणार नाही." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, आत लोड किती राहील?"

"म्हणजे?"

"म्हणजे आत काय काय राहणार?"

"आई," मी म्हणाले.

"बस, एक?" त्याचा चेहरा जरा उतरला. वहीत त्याने एकचा आकडा लिहिला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत काम हवं, एवढीच माझी अट होती. ती त्याने पाळली, हे कबूल केलं पाहिजे. पत्र्याच्या दोन थरांमध्ये फोम भरलेले जाड पांढरे तक्ते आले. ते भिंतींना आणि छताला आतून लागले. गरम हवा फेकणारं यंत्र गच्चीवर चढलं, त्याच्या नळ्या स्वयंपाकघरातून खाली उतरल्या. जुनं लाकडी दार निघालं आणि त्याच्या जागी कडेने रबर लावलेलं एक गुबगुबीत दार आलं, फ्रीजला असतं तसं. दाराबाहेर लाल आकड्यांची पट्टी बसली. हवा बदलायचा पंखा दिवसातून दोनदाच चालावा असं त्याचं म्हणणं होतं, कारण केळीला तेवढं पुरतं. तो सतत चालू राहील एवढं मी भांडून करून घेतलं, आणि आपण फार जागरूक आहोत असं मला वाटलं.

शेवटच्या दिवशी तो नारळ, लाल फीत आणि कात्री घेऊन आला. पहिल्यांदाच घरात चेंबर केलं होतं, त्याला मोबाइलवर फोटो टाकायचा होता.

"माझ्या झोपायच्या खोलीचं उद्घाटन?" आई म्हणाली. "मग भाषण कोण करतंय?"

"माताजी, फक्त फीत कापायची."

"आणि मग मी आत जायचं नि तुम्ही बाहेरून दार लावायचं. वा रे वा. मढ्याला पण इतकी घाई नसते."

फोटोत ती कात्री अशी धरून उभी आहे, की फीत सोडून काहीही कापेल.

पण खोली गार झाली, खरंच झाली. बाहेर गल्लीतलं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आकडा पंचवीस दाखवत होता. मी दुपारी जेवायला घरी यायचे, त्या पट्टीसमोर उभी राहायचे, पंचवीस वाचायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. दार उघडायचं नाही, गारवा जातो, असं त्याने बजावलं होतं. ग्रंथालयात असताना मी हवामानाचा आकडा मोबाइलवर बघायचे, घरी आल्यावर दारावरचा. दोन्हींतला फरक मोजून मला बरं वाटायचं. आईशी माझं बोलणं सकाळ-संध्याकाळ व्हायचं. "कसं वाटतंय?" "गार." "झोप लागली का?" "दुसरं काय करणार?" यातलं दुसरं उत्तर मी नीट ऐकायला हवं होतं.

आठवडाभराने एका दुपारी मी आले, पंचवीस वाचलं आणि जेवायला बसले. ताट धुऊन झाल्यावर वाटलं, तिला ताक द्यावं. दार ओढलं. रबर सुटल्याचा आवाज झाला, थंड हवा अंगावर आली. पलंगावर गोधडी घडी घालून ठेवलेली होती. आई नव्हती.

मागचं अंगण बघितलं, न्हाणीघर बघितलं, गच्चीवर पळाले. गच्चीवर कोणाच्या तरी कुरडया होत्या आणि पाय टेकवत नव्हता. खाली आले तेव्हा लक्षात आलं, की समोरचं दार मी आले तेव्हाही नुसतं लोटलेलंच होतं. मी चप्पल न घालता गल्लीत उतरले. दोन्ही अंगांना यंत्रमाग खडखडत होते, त्यात हाक मारून उपयोग नव्हता.

मी येते त्याच्या उलट अंगाला, चौथ्या घराच्या ओट्यावर, पत्र्याच्या सावलीत, पाच-सहा बायका शेवया करत बसल्या होत्या. पत्र्याची सावली म्हणजे तव्याखालची सावली. मधोमध आई. तोंड लाल झालेलं, पदर कपाळाला लावलेला, आणि कोणाच्या तरी सुनेबद्दल काहीतरी रंगात येऊन सांगत होती.

"कॉलेज सुटलं का गं?" मला बघून तिने विचारलं.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण त्यात दवाखाना होता आणि डॉक्टर होते. शेजारणीने शेवयांचा हात थांबवला. "ओ ताई, आम्ही काय काकींना पळवून आणलं? त्याच येतात."

"येतात म्हणजे?"

"चार दिवस झाले येते मी," आई म्हणाली. "त्या पेटीत कोणाशी बोलू? आधी या सगळ्या आपल्याकडे यायच्या, दुपारभर बसायच्या. आता ते दार बघून कोणी येतं का? पहिल्याच दिवशी ही आली होती, बाहेरचा आकडा वाचला, आणि दुकान बंद आहे असं समजून परत गेली."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. चार दिवस मी एका रिकाम्या खोलीचं तापमान वाचून समाधानाने जेवत होते.

आई उठायला गेली आणि खांबाला धरून तशीच थांबली. "जरा गरगरतंय," ती हळूच म्हणाली. मग कोणीच हसलं नाही. दोघींनी तिला धरून आणलं. आम्ही तिला आत निजवलं, ओल्या फडक्याने हातपाय पुसले, साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजलं. त्याच बायका, त्याच खोलीत, दार सताड उघडं टाकून. आकडा अठ्ठावीसवर गेला, मग एकोणतीसवर. दीड तासाने आईने डोळे उघडून विचारलं, "शेवयांवर फडकं टाकलं का कोणी?" तेव्हा कुठे मी खाली बसले.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि या वेळी थोडक्यात सुटल्याचं सांगितलं. मी चेंबरवाल्या माणसाला फोन करून सगळं समोरच्या खोलीत हलवायचं सांगितलं.

"समोरच्या खोलीत?" तो आला तो घाबरूनच. "मॅडम, ती तर रस्त्यावर आहे. दिवसभर दार उघडणार, बंद होणार. असं चेंबर नाही होत."

"चेंबर नकोच आहे."

"मग काय पाहिजे?"

मी विचार करत होते, तेवढ्यात आई आतून म्हणाली, "बसायची जागा."

"ठीक. लोड किती? म्हणजे माणसं?"

"बायका. रोजच्या सात-आठ. मंगळवारी अकरा."

त्याने वही मिटली. "माताजी, एक माणूस बसल्या बसल्या किती गरमी सोडतो माहीत आहे? आणि बोलत असला तर?"

"या बायका बोलतात," मी म्हणाले.

तो तीन दिवस आला नाही. माझे ते तीन दिवस कसे गेले ते सांगत नाही. आईच्या उशाशी बसून राहिले, रजा टाकली, आणि ती शंभर वेळा म्हणाली, "तू जा ना कामाला, तुझ्या चुळबुळीनेच उकडतंय." चौथ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच प्रौढी नव्हती. त्याने घरी आपल्या आजारी सासऱ्यांना विचारलं होतं, की तुम्हाला चेंबर करून देऊ का. सासरे म्हणाले होते, आधी तू बसून दाखव. मग तो स्वतः केलेल्या एका चेंबरमध्ये तासभर बसला होता. "अर्ध्या तासानंतर मी केळी मोजून राहिलो होतो, मॅडम," तो म्हणाला.

तक्ते समोरच्या खोलीत आले. खिडकीला दुहेरी काच बसली. दारात जाड पारदर्शक पट्ट्यांचा पडदा लागला, थंड गोदामात असतो तसा. बाहेरून आतली माणसं दिसतात, ढकलून आत येता येतं. वीज गेली तरी तासभर निभावतं. पण आता आतल्या भिंतीवर लावलेल्या पट्टीवरचा आकडा काही सत्तावीसच्या खाली जाईना. भर दुपारी एकोणतीस. त्याला ते फार लागलं. जाताना त्याने यंत्रावरची आपल्या नावाची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. "हे काम माझं आहे म्हणून कोणाला सांगू नका," तो म्हणाला. मला तो त्या क्षणी पहिल्यांदा आवडला.

मे महिना अजून अर्धा बाकी आहे. काल दुपारी मी ग्रंथालयातून घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्या वेळी मी दाराला कुलूप घातलं आणि स्कूटर काढली. हँडल हाताला भाजत होतं. चौकात एकही रिक्षा नव्हती, एक कुत्रा नळाखालच्या ओल्या दगडावर पसरला होता. गल्लीत शिरताना मी काय काय ठरवून टाकलं होतं, कोणाला फोन करायचा, कोणती गाडी बोलवायची.

पायरीवर चपला मावत नव्हत्या. पट्ट्यांआडून आवाज येत होता, सगळ्यांचा एकदम. मी आत शिरले. नऊजणी, एक परात, आणि त्या घोळक्यात कुठेतरी वाजून वाजून थकलेला फोन. आई भिंतीला टेकून वाती वळत होती. मी सरळ जाऊन तिचा हात धरला. गार होता. मनगट बघितलं, कपाळाला हात लावला.

तिने तो झटकला. "लोक बसलेत. काय झालं? कशाला आलीस?"

"असंच."

"असंच आलीस तर बस. हा कापूस घे."

बसायला जागा पडद्यापाशीच होती. पाठीला बाहेरचं ऊन लागत होतं, तोंडाला आतला गारवा. आकडा तीस दाखवत होता. मी तो एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि कापूस हातात घेतला. ग्रंथालयाची किल्ली पर्समध्ये होती. त्या दुपारी गावात कोणाला पुस्तक हवं झालं असेल, तर त्यांची मी क्षमा मागते.